सूर्याची लाज

“हा हजार कुठून आणलास?”

रंगनाथबुवांनी कागदावर बोट ठेवलं. निरंजन धायगुडेने मान खाली घातली.

टेकडीवरच्या मठात येण्यापूर्वी बुवा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. निरंजन त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि ही गोष्ट सगळ्यात जास्त ठाऊक होती ती त्याला स्वतःला. त्या दिवशी अकरा वाजता त्याला विद्यापीठात जाणकारांपुढे आपलं गणित मांडायचं होतं. संशोधनाची जागा मिळायची की नाही ते त्यावरच ठरणार होतं. जाता जाता बुवांची शाबासकी घ्यावी म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच मठात आला होता.

गणित सूर्याचं होतं. त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे दोन प्रोटॉन जुळतात आणि तिथून ऊर्जेला सुरुवात होते. पण ते एकमेकांना दूर लोटतात. मधे जणू डोंगरच उभा, आणि तो चढायची ताकद दोघांतही नाही. क्वांटम सिद्धांत म्हणतो, अगणित धडकांत एखाद्या वेळी प्रोटॉन डोंगर न चढताच पलीकडे सापडतो. असं किती क्वचित घडतं, ते निरंजनने दोन वर्षं खपून काढलं होतं.

बुवांनी ओळ न् ओळ तपासली. कुठे चूक नव्हती. फक्त शेवटी त्याने उत्तराला हजाराने गुणलं होतं. का, ते लिहिलं नव्हतं.

“बोल की.”

“सूर्याची लाज राखायला, सर…”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खरं उत्तर फारच किरकोळ येत होतं. गाभ्याचा एक मीटर लांब, तेवढाच रुंद नि उंच तुकडा घेतला, तर त्याची उष्णता जेमतेम पावणेतीनशे वॅट. तेवढ्यात अंघोळीचं पाणीही धड तापायचं नाही. चूक शोधून शोधून तो थकला होता. असलं उत्तर घेऊन उभं राहिलं की सगळे हसणार, याची त्याला खात्री होती.



बुवा उठले, फावडं उचललं आणि गोठ्यामागच्या उकिरड्याकडे निघाले. निरंजन मागोमाग. मार्गशीर्षातली थंडी होती, गवत दवाने भिजलेलं. बुवांनी कमरेएवढ्या ढिगाचा वरचा थर ओढला, तशी आतून वाफ निघाली.

“हात घाल.”

“सर, शर्ट…”

“घाल.”

त्याने बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात खुपसला. आत चांगलंच गरम होतं. त्याची नजर ढिगाची लांबी-रुंदी मापू लागली, ओठ हलू लागले. कुजणारं शेण, पाला… एवढ्या ढिगाला वॅट किती…

ओठ थांबले. मीटरभर तुकड्याला आकडा जवळपास तोच येत होता, पावणेतीनशेच्या आसपास. त्याने मान वर करून उगवत्या सूर्याकडे पाहिलं.

“सर, म्हणजे तोही इतपतच गरम करतो. फक्त ढीग केवढा…”

आणि त्याला हसू फुटलं. ते काही केल्या आवरेना. गोठ्यातल्या गाई रवंथ थांबवून बघत राहिल्या. बुवाही फावड्यावर रेलून पोट धरून हसले.

निरंजनने तसल्याच हाताने पेन घेऊन हजार खोडला. कागदावर शेणाचा ठसा उमटला. मग खाली रस्त्यावर त्याची एसटी दिसली आणि त्याचा चेहरा पुन्हा उतरला.

“पण सर, तिथे सगळे हसले तर?”

“हसतीलच की. आपण नाही का हसलो?”