दाट पाकातले आवळे

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे निवृत्ती नावाचा नवा शिष्य आला. कोष्ट्याचा तरुण मुलगा, डोक्यात शंकाच शंका. पहिल्याच दिवशी त्याने विचारले, "आई कैरीला नुसतं मीठ लावून ठेवते, पाण्याचा थेंबही घालत नाही. मग पाणी सुटतं कुठून?"

त्याला शिकवण्याचे काम थोरला शिष्य यज्ञेश्वर याच्याकडे होते. यज्ञेश्वर विद्वान, त्यात वादच नाही! पण त्याने निवृत्तीला फटकारले, "आधी श्लोक पाठ कर. शंका नंतर." मग सकाळ-संध्याकाळ ग्रंथांचा मारा सुरू झाला. महिनाभरात निवृत्ती गप्प झाला. नवे येणे राहिले दूर, येत होते तेही त्याला आठवेना. शेवटी एका संध्याकाळी त्याने सांगितले, "मी उद्या गावी परत जातो."

"त्याची कुवतच नाही, गुरुजी," यज्ञेश्वर वैतागून म्हणाला. "मी द्यायला काही कमी केलं नाही."

वैद्य म्हणाले, "मोरावळ्याचे आवळे टोचून ठेवलेत. पाक चांगला दाट कर आणि त्यात सोड."

यज्ञेश्वर चक्रावला. दरवर्षी आवळे आधी पातळ पाकात ठेवत आणि पाक रोज थोडाथोडा आटवत. पण गुरूंची आज्ञा! त्याने सांगितले तसे केले.

सकाळी त्याने झाकण काढले. आवळे आक्रसून सुपारीसारखे झाले होते. "गुरुजी, सगळे वाया गेले हो!"

"आवळे राहू देत. पाक बघ."

पाक पातळ झाला होता.

वैद्यांनी रात्री पाण्यात भिजवलेल्या मनुकांची वाटी पुढे केली. मनुका टम्म फुगल्या होत्या. ते म्हणाले, "फळाच्या गरात बारीक बारीक पेशी असतात. त्यांच्या पडद्यातून पाणी सहज ये-जा करतं, साखर अडते. जिकडे दाट, तिकडे पाणी ओढलं जातं. मनुका आतून दाट, म्हणून पाणी आत शिरलं. इथे दाटपणा बाहेर होता. तू आवळ्याला गोडी द्यायला गेलास आणि त्याच्याजवळचं पाणी काढून घेतलंस. पाक पातळ असता तर आवळा टिकला असता, गोडी सावकाश मुरली असती. मीठ लावलेल्या कैरीचंही हेच होतं."

कैरी म्हणताच यज्ञेश्वर उठला. निवृत्तीची खोली रिकामी होती. तो अनवाणीच धावत सुटला आणि गावाबाहेरच्या पाणवठ्यावर निवृत्ती त्याला दिसला.

"निवृत्ती, थांब!" त्याला धाप लागली होती. "कैरीला सुटतं ते पाणी कैरीचंच असतं रे. मीठ ते बाहेर ओढतं. तू विचारलंस तेव्हा मला माहीतच नव्हतं, म्हणून तुझ्यावर खेकसलो. माझं चुकलं."

निवृत्ती बोचके खाली ठेवून त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "पण मग समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मासे कसे आक्रसत नाहीत?"

"मलाही माहीत नाही. चल, गुरुजींना विचारू," यज्ञेश्वर म्हणाला आणि त्याने निवृत्तीचे बोचके आपल्या खांद्यावर घेतले.