पेढेवालीचा हात आणि घरची डिमडी

विषय: डिमडीवरून गेलेला शब्द परत घेण्याबाबत.
संदर्भ: तुळसाक्का पेढेवाली हिचा राजदरबारी दाखल अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, फार पूर्वी एका राज्यात एक पेढेवाली राहत होती. नवरा गेल्यावर खव्याची कढई आणि वेशीजवळचं दुकान दोन्ही तिनं एकटीनं सांभाळलं. गावच्या देवीला रोजचा नैवेद्य तिच्याच पेढ्यांचा असे, आणि तुळसाक्काला त्याचा राजाच्या मुकुटापेक्षा जास्त अभिमान होता.

त्या राज्यात एकदा एक परदेशी फेरीवाला आला. तळहाताएवढ्या, कातडं मढवलेल्या डिमड्या तो घरोघर फुकट वाटत सुटला. फुकट मिळालेल्या वस्तूची चौकशी करायची पद्धत तेव्हाही नव्हती. डिमडीवर टिचकी मारून बोललं की ते बोलणं राज्यातल्या प्रत्येक डिमडीतून ऐकू येई. ऐकणाऱ्याला आवडलं तर तो उलट टिचकी मारी, आणि बोलणाऱ्याच्या डिमडीत ‘डुम’ असा आवाज होई. बस, एवढंच. त्या डुमनं कोणाचं पोट भरत नव्हतं, पण बघता बघता माणसं डुमसाठी ताटातलं अन्न निवू देऊ लागली.

राजाचे नोकर यात मागे कसे राहतील? कोठारातला मापारी माप हवेत धरून डुम ऐकत बसे. वेशीचा रखवालदार एका संध्याकाळी दरवाजा लावायला विसरला, आणि ‘आज दरवाजा उघडाच राहिला, काय गंमत!’ असं त्यानं स्वतःच राज्यभर कळवलं. शेजारच्या राज्यालाही ते कळलं असावं.

एके दिवशी तुळसाक्काच्या टाचेत काटा मोडला. तिनं घरच्या घरी उपाय म्हणून बिब्बा तापवला, तेव्हा त्याचं तेल उडून उजव्या हातावर पडलं. दुसऱ्या दिवशी हात टरारून फोडांनी भरला. दुकानावर भाचीला बसवून ती राजाच्या दवाखान्यात गेली.

दवाखान्याच्या दारात एक कारकून बसे. आलेल्याचं नाव आणि दुखणं लिहून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. नोकरीवर रुजू होताना त्यानं बेलभंडार उचलून शपथ घेतली होती, की दारात जे दिसेल ते दारातच राहील.

“भाऊ, हात फार जळतोय हो.”

“थांबा अक्का, कामात आहे.”

काम असं होतं की, पलीकडच्या गावात कोणाच्या तरी बायकोची कढी फुटली होती आणि कारकून त्यावर टिचक्या मारत होता. कढी संपल्यावर त्यानं मान वर केली.

“दाखवा. अरे बाप रे! हे काय?”

“बिब्बा उतलाय. वैद्यबुवा काही लेप देतील तर…”

“आणि याच हातानं पेढे वळता?”

“आज नाही वळले. बरा झाल्याशिवाय वळणारही नाही. कळतं मला तेवढं.”

कारकुनानं मान डोलावली आणि आत जायला सांगितलं. वैद्यबुवांनी हात पाहिला, लेप लावला, वर फडकं बांधलं. म्हणाले, “बिब्बाच आहे. कोणाला लागायचं नाही. चार दिवस हात पाण्यात घालू नका.” तुळसाक्का हलक्या मनानं घरी गेली.

संध्याकाळी सुटीचा टोला पडला. कारकून घरी गेला, हातपाय धुतले, झोपाळ्यावर बसला आणि स्वतःची डिमडी काढली.

“मंडळी, आज एक हात पाहिला! कातडं सोललेलं, पाणी गळतंय! कोणाचा ते सांगणार नाही. एवढंच म्हणतो, त्याच हातानं तुम्ही आम्ही सगळे तोंड गोड करतो!”

बिब्ब्याचं नाव त्यानं काढलं नाही. बिब्ब्याला डुम कोण देणार? बाकीच्याला मात्र इतके डुम आले की डिमडीचं कातडं तापलं. तो समाधानानं झोपला.

सकाळी भाचीनं स्वतः वळलेले परातभर ताजे पेढे मांडले. परात तशीच राहिली. रोज पोराच्या हातावर पेढा ठेवून पुढे जाणारी शेजारीण रस्ता ओलांडून पलीकडून गेली, आणि पोरानं मागे वळून पाहिलं तर त्याचं तोंड तिनं हातानं पुढे फिरवलं. दुपारी देवळातले गुरव आले. नजर पायांकडे.

“अक्का, उद्यापासून नैवेद्य नको.”

“देवीला चालत नाही का?”

“देवीनं काय म्हणायचंय हो. लोकांना चालत नाही.”

तुळसाक्कानं बांधलेला हात पदराखाली घेतला. आपण काहीही चोरलेलं नसताना आपलाच हात का लपवतोय, हे तिला कळेना. मग गुरवांनी डिमडीवर ऐकलेलं सांगितलं तेव्हा ते कळलं, आणि ती तडक दवाखान्याच्या दारात गेली.

“का रे भाऊ, मी तुझं काय वाकडं केलं होतं?”

“मी? मी तुमचं नाव तरी घेतलं का?”

“गावात पेढ्याची दुकानं किती?”

“एकच. त्याला मी काय करू?”

तुळसाक्कानं राजाकडे अर्ज केला. दरबार भरला. राजानं आधी स्वतःच्या डिमडीवर दरबार भरल्याचं कळवलं, मग अर्ज ऐकला. वैद्यबुवांनी उभं राहून सांगितलं, “बिब्बा होता, रोग नव्हता.” कारकून पुढे झाला. तयारी करून आला होता.

“महाराज, मी बोललो ते टोला पडल्यावर. स्वतःच्या घरी. स्वतःच्या झोपाळ्यावर, स्वतःच्या डिमडीवर. ते माझं खासगी मत होतं. शिवाय शपथ घेतली तेव्हा राज्यात डिमड्या नव्हत्या. शपथेत डिमडीचा उल्लेखच नाही!”

दरबारातल्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. त्यांच्याही कमरेला डिमड्या होत्या, आणि त्यांनीही शपथा जुन्याच घेतल्या होत्या. म्हातारा कारभारी तेवढा उठला.

“डिमडी तुझी, झोपाळा तुझा, संध्याकाळही तुझी. कबूल. हात कुठे पाहिलास?”

“दवाखान्यात.”

“तू हिचा भाऊ की दीर?”

“कोणी नाही.”

“मग हिनं हात तुला कशाला दाखवला? तुझा चेहरा पाहून? तिनं तो राजाच्या दारात बसलेल्या माणसाला दाखवला. तो ऐवज राजाच्या दाराचा. घरी काय म्हणून नेलास? कोठारातलं मूठभर धान्य पदरात बांधून नेलंस तर चोर म्हणवशील, आणि हे नेलंस तर ते खासगी मत?”

राजानं हुकूम दिला, की कारकुनाला दारावरून काढावं, आणि त्यानं त्याच झोपाळ्यावरून, त्याच डिमडीवरून खरी हकिगत सांगावी.

त्यानं सांगितली. “मंडळी, तो हात बिब्ब्यानं उतला होता. रोग नव्हता.” एक डुम आला. तो त्याच्या आईचा होता. बाकीचे तोवर दुसऱ्या गावातल्या कोणाच्या तरी टकलावर हसत होते.

चार दिवसांनी तुळसाक्काचा हात बरा झाला. दुकान बरं झालं नाही.

पुढे दवाखान्याचं दार ओस पडत गेलं. बायका दुखणी पदराखाली झाकू लागल्या, पुरुष धोतराखाली. वैद्यबुवा लेप घोटून वाट बघत बसत. एके दिवशी मात्र एक जण आला, पाय फाकवून, भिंत धरत. तोच जुना कारकून. त्याला एक गळू झालं होतं, आणि जिथे झालं होतं ती जागा चार माणसांत सांगण्यासारखी नव्हती.

दारावर नवा कारकून होता. त्यानं आदरानं विचारलं, “या, या. कुठे दुखतंय?”

जुन्या कारकुनानं तोंड उघडलं, आणि त्याची नजर नव्याच्या कमरेला गेली. तिथे डिमडी होती.

“कुठे काही नाही,” तो म्हणाला. “सहज आलो होतो.”

आणि उभ्या उभ्या घरी परत गेला. झोपाळ्यावर त्याला पुष्कळ दिवस बसता आलं नाही.

वेशीजवळच्या दुकानाची फळी तुळसाक्का आजही रोज उघडते. परात आता लहान असते. ‘माझ्याबद्दल गेलेला शब्द सगळ्या डिमड्यांतून परत घ्यावा’ हा तिचा दुसरा अर्ज राजानं ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारून कारभाऱ्याकडे पाठवला. कारभाऱ्यानं फेरीवाल्याचा शोध घेतला, पण तो शेजारच्या राज्यात डिमड्या वाटण्यात गुंतला होता. त्यानं निरोप पाठवला, की शब्द आत घालायची सोय आहे, बाहेर काढायची नाही.

तात्पर्य: कामाच्या जागी लोक आपल्याला जे विश्वासानं दाखवतात, ते टोला पडल्यावरही आपलं होत नाही, म्हणून कमरेची डिमडी स्वतःची असली तरी ती वाजवण्याआधी हात कोणाचा, हे पाहावं.

तुळसाक्काचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.