गोमाजीची सुरी

एका राज्यात, एका सकाळी, एका मुलीने हाक मारली आणि रानाने ओ दिली नाही.

एवढंच झालं. आकाशात धूमकेतू दिसला नाही, देवळातली घंटा आपोआप वाजली नाही, विहिरीचं पाणी तांबडं झालं नाही. वेशीजवळच्या घराच्या ओट्यावरून वेणूने ‘ताईऽऽ’ म्हणून हाक मारली, कारण तिची थोरली बहीण मंजुळा भाकरीची पुरचुंडी चुलीपाशीच विसरून मध काढायला रानात गेली होती. आणि समोरचं रान गप्प राहिलं.

आता ते रान कसं होतं, ते ऐका. ते ओ देणारं रान होतं. आत शिरलेल्या माणसाने कुठल्याही घळीतून हाक मारावी, घराच्या दिशेने ओ येई. त्या आवाजाच्या रोखाने माणूस चालू लागे आणि दिवेलागणीला उंबऱ्याशी पोचे. घरून मारलेली हाकसुद्धा रान झाडाझाडातून पुढे नेई आणि उत्तर घेऊन येई. त्यामुळे त्या राज्यात कुणी रानाला भीत नसे, आणि वाटाही कुणी लक्षात ठेवत नसे.

वेणूच्या छातीत धस्स झालं. पण तिच्या छातीत रोजच धस्स होई. सात वर्षं पाठशाळेत शिकलेली मुलगी, सारं व्याकरण तोंडपाठ; तरी मांजर उडी मारून गेलं की किंचाळे. गावाने तिचं नावच दचकी ठेवलं होतं.

“काकू, रान बोलत नाहीये,” ती शेजारणीला म्हणाली.

“वारा उलटा असेल गं, दचके,” काकू म्हणाल्या. “तू आधी पाणी पी.”

वारा उलटा नव्हता. त्या दिवशी रानात गेलेली अकरा माणसं संध्याकाळी परत आली नाहीत. दुसऱ्या दिवशी राजा प्रतापमुकुटाने तीन शिपाई आत धाडले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांतला एकच परत आला, तोही रानाच्या कडेवरूनच. त्याच्या हातात सुरीची नुसती मूठ होती. ती मूठ त्याने वेशीत टाकली आणि तो मटकन खाली बसला.

वेणूने ती उचलली. तेवढ्यात डोक्यावर टक्‌टक्‌ झालं, आणि मूठ तिच्या हातून खाली पडली.

आंब्याच्या खोडावर सुतारपक्षी बसला होता.

“दचकून झालं असेल तर ऐक,” पक्षी म्हणाला. “तुझी बहीण उभ्या जागी झाड होते आहे. पहिल्या सूर्यास्ताला घोट्यापर्यंत साल चढली. काल कमरेपर्यंत. आज सूर्य बुडाला की डोक्यावरून जाईल.”

“का?” वेणूने विचारलं.

“पंधरा दिवसांपूर्वी राजा शिकारीला आला होता. त्याचा वाटाड्या गोमाजी कड्यावरून घसरला. एका मुळीला लोंबकळत त्याने राजाला तीन हाका मारल्या. राजाने तिन्ही ऐकल्या. पण समोर हरीण होतं. ओ दिली तर हरीण बुजेल, म्हणून राजा गप्प राहिला. गोमाजी दरीत गेला. रानाने तेरा दिवस सुतक धरलं, आणि चौदाव्या दिवशी आपली ओ मुक्या झाडाच्या गाठीत कोंडून टाकली.”

“ती सोडवायची कशी?”

“तीन कामं आहेत. काटेरी कुंपण कापायचं, धुकं जाळायचं, गाठ फोडायची. नेता येतं एकच पातं. दुसरं नेलंस तर दोन्हींची माती होते. पात्यासाठी तुला राजाकडेच जावं लागेल. रानात जाणाऱ्याने सुरी खजिन्यातून घ्यायची, हा इथला रिवाज. कशी निवडशील?”

“धार पाहून.”

सुतारपक्षी इतका हसला की खोडावरून घसरला. “धार दगडावर घासली की कुणालाही येते. मी लाकूड फोडतो ते चोचीच्या धारेने होय? चोच कवटीत रुजलेली आहे म्हणून फोडतो. नुसती चिकटवलेली असती तर पहिल्याच टोल्याला माझं बोळकं झालं असतं. ती मूठ उचल आणि आत बघ.”

वेणूने पाहिलं. हस्तिदंती मूठ, वर सोन्याची वेलबुट्टी. आणि आत बोटाच्या पेराएवढा लोखंडाचा खिळा, तोही लाखेत बसवलेला. एवढ्याशा खिळ्यावर सगळं पातं उभं होतं.

तिने मूठ ओच्यात बांधली आणि राजवाड्याकडे निघाली.

दरबारात खजिन्याचा रखवालदार होता मांत्रिक धूम्रनाथ. त्याच्या दाढीतून धूर येई आणि त्याची सावली त्याच्याआधी चाले. त्याने मखमलीवर तीन सुऱ्या मांडल्या. पाती उघडी होती, पण प्रत्येक मुठीवर रेशमी रुमाल होता.

“रुमाल कशाला?” वेणूने विचारलं.

“मुठीला हात लागला की सुरी निवडली गेली,” मांत्रिक म्हणाला. “मूठ पाहायची नसते. पातं पाहून निवडायचं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं आहे.”

वेणूने तिन्ही रुमाल ओढून काढले.

दरबारात कुणीतरी ‘अरे अरे’ केलं. मांत्रिकाच्या दाढीतला धूर काळा झाला.

“मला बाभळीचा वाळका ओंडका पाहिजे,” वेणू म्हणाली. “आणि खैराचा दांडा. मी ठोकून पाहणार.”

“खजिना ठोकून पाहतात?” धूम्रनाथ ओरडला. “आणि मोडली तर?”

ओरडण्याने वेणू दोन पावलं मागे गेली. मग तीन पावलं पुढे आली.

“इथे मोडली तर तुमची सुरी जाईल. तिथे मोडली तर माझी ताई जाईल. ओंडका आणा.”

राजाने हात हलवला. ओंडका आला.

पहिली सुरी सोन्याची, मिटती. कळ दाबली की पातं बाहेर येई आणि स्वतःची स्तुती गाई. वेणूने ती ओंडक्यावर टेकवून जोर दिला, तशी ती गाता गाता बोटावरच मिटली. वेणू किंचाळली. दरबार खदखदून हसला.

“ही नको,” बोट चोखत वेणू म्हणाली. “ऐन वेळी मिटायला मी एकटी पुरे आहे.”

हसू थोडं कमी झालं.

दुसरीचं नाव चंद्रकोर. तिच्या पात्यात अमावस्येलाही चांदणं पडे. वेणूने तिच्या मुठीवर दांड्याने हलकेच वाजवून कान लावला. आवाज बद्द आला, कच्च्या मडक्यासारखा. तिने पातं ओंडक्यावर धरलं आणि पाठीवर दांडा हाणला. एक, दोन, तीन. तिसऱ्या टोल्याला चांदणं एकीकडे गेलं आणि मूठ हातात राहिली. लाखेचे तुकडे फरशीवर उडाले. वेणूने ओच्यातली शिपायाची मूठ काढून शेजारी ठेवली. दोन्हींच्या पोटात तेवढाच खिळा होता.

आता कुणी हसलं नाही.

तिसरी दुधारी कट्यार होती. वाऱ्यालाही चिरत असे, आणि चिरलेला वारा विव्हळे. वेणूने ती ठोकलीच नाही. “हिला दोन्हीकडून धार आहे. टोला कुठे घालू? अंगठा कुठे टेकू? ही माणसं मारायला केली आहे. मला लाकडाशी काम आहे.”

“मग तुला पाहिजे तरी काय, मुली?” राजा पहिल्यांदाच बोलला.

वेणू कोपऱ्यात पाहत होती. तिथे पाण्याच्या घंगाळात, साखळीने बांधलेली, एक काळी सुरी होती.

“तिकडे पाहू नकोस!” मांत्रिक आडवा आला. “ती गोमाजी वाटाड्याची, कड्यावर पडलेली सापडली. शापित आहे. रोज सकाळी तिच्यावर रक्ताचे डाग उमटतात. रोज मी तिला सात नद्यांच्या पाण्याने मंत्रून धुतो, आणि रोज रक्त परत येतं.”

“धुता,” वेणू म्हणाली. “आणि पुसतं कोण?”

मांत्रिक बाजूला सरला.

वेणूने सुरी घंगाळातून काढली, नखाने डाग खरवडला, पदराने पुसला. खाली काळंभोर लोखंड निघालं. “हा गंज आहे. चांगल्या पोलादाला ओलं ठेवलं की चढतो. तेलाचा हात फिरवला असतात तर एक डाग पडला नसता.”

“रक्त नाही?” राजाने विचारलं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“नाही, महाराज. पण तुम्हाला ते रक्त वाटलं. का वाटलं, ते तुमचं तुम्हाला माहीत.”

मांत्रिकाची सावली जागच्या जागी बसली.

वेणूने सुरी उलटसुलट केली. पातं वीतभर, त्याहून लांब नाही. पाठ जाड, कोपरे काटकोनात. आणि मूठ! पात्याचं लोखंड थेट मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं कडेने दिसत होतं. दोन बाजूंना शिसवीच्या दोन फाका, तीन आरपार खिळ्यांनी जखडलेल्या. वाजवली तर टोकापासून मुठीपर्यंत एकच आवाज गेला: ठण्ण. तिने ती ओंडक्यावर धरली आणि दांडा हाणला. सातव्या टोल्याला बाभळीची दोन शकलं झाली. सुरी हललीसुद्धा नव्हती.

“ही घेतली, आणि हा दांडाही,” वेणू म्हणाली. “साखळी सोडा.”

साखळी सुटली. दारापर्यंत गेलेली वेणू परत वळली.

“महाराज, आज सूर्य बुडायच्या आत मी हाक मारणार आहे. तुम्ही वेशीवर उभे राहा.”

“राजा ओ देत नसतो,” प्रतापमुकुट म्हणाला. “राजा आज्ञा देतो.”

“त्या दिवशी आज्ञा दिली असतीत तरी गोमाजी वाचला असता,” वेणू म्हणाली आणि निघाली. पायऱ्या उतरताना तिला भोवळ आली. ती खांबाला धरून उभी राहिली, आणि मग पुन्हा चालू लागली.

सुतारपक्षी पुढे टक्‌टक्‌ करी आणि वेणू त्या आवाजामागून जाई. काटेरी कुंपणाशी आली. एक वेल कापली की दोन उगवत. दुपारपर्यंत तिने शंभर कापल्या आणि दोनशे उगवल्या. मग ती पोटावर सरपटत आत शिरली, बोटांनी माती उकरली आणि सगळ्या वेलींचं एकच मूळ सापडलं, मांडीएवढं. ते तिने करकरा कापलं. कुंपण खाली बसलं.

पुढे धुकं होतं. त्या धुक्यात उभं राहिलं की माणूस आपलं नाव विसरे. वेणू पहिल्या श्वासाला पाठशाळा विसरली. दुसऱ्या श्वासाला घर विसरली. “जाळ कर!” पक्षी ओरडला. सगळं लाकूड भिजलेलं. तिने एक ओली फांदी उभी धरून सुरी ठोकत ठोकत चिरली. पोटात लाकूड कोरडं होतं. त्याचे कागदासारखे पातळ छिलके काढले, वर सावरीचा कापूस ठेवला, आणि सुरीच्या काटकोनी पाठीवर गारगोटी घासली. ठिणगी पडली. ठिणगीने ती दचकली. आणि दचकली तशी तिला आठवलं, की आपण दचकी. धुकं जळून गेलं.

धुक्यापलीकडे माणसांची रांग उभी होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मंजुळाताईच्या गळ्यापर्यंत साल आली होती आणि केसांत कोवळी पालवी फुटली होती. वेणूने तिच्या गालाला हात लावला. गाल अजून गालच होता. सूर्य डोंगरापासून हातभर उरला होता.

मुकं झाड समोरच होतं. त्याला पान नव्हतं, आणि खोडाच्या मधोमध घागरीएवढी गाठ होती.

“मागे जा,” झाड न बोलता म्हणालं. ते वेणूच्या हाडांना ऐकू आलं. “माझ्या माणसाने तीन हाका मारल्या. तुमच्या राजाने ओ दिली नाही. आता कुणालाच मिळणार नाही.”

“तुमचा राग खरा आहे,” वेणू म्हणाली. “पण गप्प राहिला तो राजा. तो पंगतीला जेवतो आहे, गादीवर निजतो आहे. झाडं कोण झालं? मध काढणारी, हिरडे वेचणारी, गोमाजीसारखीच माणसं. ही कुठली शिक्षा? मी नाही मागे जाणार.”

झाड तिच्या हाताकडे वाकलं.

“ती सुरी कुणाची?”

“गोमाजीची. साखळीत होती. मी सोडवून आणली.”

“मग घाव घाल,” झाड म्हणालं. “मला दुखेल. थांबू नकोस.”

तिने गाठीवर पातं धरलं आणि दांडा उचलला. पहिल्या टोल्याला ठिणग्या उडाल्या. दहाव्याला हाताला फोड आले. विसाव्याला फोड फुटले. पातं तसूतसूने आत गेलं, पाठीपर्यंत बुडालं. मग तिने मुठीवर सगळा भार टाकून पिळलं. सुरी वाकेल असं वाटलं. वाकली नाही. गाठ कडाडून उघडली आणि आतून थंडगार वारा बाहेर पडला.

“माझ्याकडून मोकळी झाली,” झाड म्हणालं. “पण ओ कुणीतरी द्यावी लागते. ज्याने दिली नव्हती, त्यानेच. मार हाक.”

सूर्य डोंगराला टेकला. वेणूने दोन्ही हात तोंडाशी नेले.

“महाराऽऽज!”

रान ऐकत होतं. काही आलं नाही.

“महाराऽऽज!”

साल मंजुळाच्या हनुवटीवर चढली. ओठांवर आली.

वेणूला रडू फुटत होतं. ते गिळून, सारं भय एका दमात छातीत ओढून घेऊन, ती अशी ओरडली, जसं त्या राज्यात राजाला कुणी कधी ओरडलं नव्हतं:

“अरे प्रतापाऽऽ! ऐकतोस ना? मग ओ दे!”

कुठेतरी खूप लांब, वेशीच्या बाजूला, कुणीतरी खाकरलं. मग एक आवाज आला. घोगरा, अडखळता, कधीच सवय नसलेला.

“ओ...”

पहिल्या डोंगराने तो उचलला. ओ. दुसऱ्याने उचलला. ओऽ. तिसऱ्या डोंगरावरून तो झाडाझाडातून धावत आला, मुक्या झाडाच्या शेंड्याला पान फुटलं, आणि वाळक्या पापुद्र्यासारखी साल सरसर गळू लागली.

वेणूने वळून पाहिलं नाही. तिचं धाडसच झालं नाही. पाठमोरीच उभी राहून, हातातली सुरी घट्ट धरून, तिने अगदी हळू हाक मारली.

“ताई?”

आणि मागून, झोपेतून उठल्यासारखा, किंचित वैतागलेला आवाज आला:

“ओ गं, दचके. भाकरी आणलीस का?”