वणव्याला प्रतिस्पर्धी हवा

राक्षसांच्या झुंजींचा एक व्हिडिओ गेम होता आणि तो बनवणाऱ्या कंपनीचे सर्वेसर्वा होते दाभाडेसाहेब. खेळणारे कमी होत चालले, तसं साहेबांनी फर्मान काढलं, "जो राक्षस जिंकत नाही, तो गेममधून बाद."

कुठला राक्षस स्पर्धेत टिकेल हे झुंजवून पाहणं, ही मृदुला तोरसकरची नोकरी. सगळ्यात मागे होता चिखल्या. बिचारा समोरच्याला दमवायचा आणि शेवटी हरायचाच. त्याच्यासाठी भांडण्यात तिला काही अर्थ वाटत नव्हता, इथे कुणाचंच काही चालत नसे. तरी मीटिंगमध्ये तिने पडद्यावर गेम लावला.

सगळ्यात ताकदवान वणव्या मैदानात एकटाच उभा होता. खाली अक्षरं लुकलुकत होती, 'प्रतिस्पर्धी शोधत आहोत.' बराच वेळ झाला तरी काही घडेना.

"अडकलाय का हा?" साहेब वैतागले.

"नाही सर. तुमचाच नियम शेवटपर्यंत लावलाय. चिखल्याला काढलं, तर त्याच्या वरचा शेवटचा झाला. त्याला काढलं, तर त्याच्या वरचा. असं करत करत हा एकटा उरला. आता हा कधीच हरणार नाही."

"राहू दे चिखल्याला," साहेब एवढंच म्हणाले.

मृदुला जागेवर परतली. हे गणित तिला शोधावं लागलंच नव्हतं. कामात मागे पडेल त्याला दर वर्षी घरी पाठवत साहेबांनी तिचा विभाग असाच चाळला होता. आता भोवती नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या. यंदा विभागात पहिला नंबर तिचाच येणार होता, आणि शेवटचाही.