एका खिडकीचं घर

फार फार वर्षं झाली. एका राज्यातल्या एका लहान गावात एक चितारी राहत होता.

तो देवांची चित्रं काढत नसे, लढायांचीही नाही. घरातल्या वस्तू काढी. तांब्या, पितळी ताट, फोडलेला नारळ, दोन केळी. लोक हसत.

"अहो चितारी, तांब्या आमच्याही घरी आहे!"

तेव्हा त्याची बायको मागच्या खिडकीतून उत्तर देई, "असेल की. पण तुमचा काळा पडलाय. आमचा बघा, चित्रातसुद्धा घासलेला आहे!"

ती फार बोलकी होती. त्या खिडकीत बसून ती भाजी निवडी, शेजारणीशी बोले, आणि हसली की हसू घरभर ऐकू येई.

एकदा त्या गावी एक दर्यावर्दी व्यापारी आला. समुद्राला बांध घालून राहणाऱ्या वलंदेज लोकांच्या मुलुखातून त्याने एक जुनं चित्र आणलं होतं. चित्रात विशेष काही नव्हतं. एक ताट, अर्धवट सोललेलं लिंबू, पाण्याचा पेला. पण मागे काळाकुट्ट अंधार होता. आणि डावीकडून आलेला उजेड त्या लिंबावर असा टेकला होता, जसा दमलेला पक्षी फांदीवर टेकावा.

चिताऱ्याचे डोळे भरून आले. "हा अंधार त्यांनी कुठून आणला?" त्याने विचारलं.

"मला काय ठाऊक? मी मिरी विकतो," व्यापारी म्हणाला, आणि चित्र गुंडाळून निघून गेला.

चिताऱ्याने खूप विचार केला. त्याला वाटलं, ज्या घरात अंधार असेल त्याच घरात असं चित्र होत असेल. मग त्याने माती कालवली आणि एक डावीकडची खिडकी सोडून घराच्या साऱ्या खिडक्या लिंपून टाकल्या. मागची खिडकीही लिंपली.

बायको म्हणाली, "अहो, ही तेवढी राहू द्या. मी इथं बसते."

"एवढं एक चित्र होऊ दे. मग उघडतो," तो म्हणाला.

त्याने डाळिंब फोडून ताटात ठेवलं आणि चित्राला बसला. दाणे सुकले की नवं डाळिंब फोडी. ताटाला कुणी हात लावायचा नाही, दार उघडं टाकायचं नाही, उजेडाच्या वाटेत यायचं नाही. बायको भिंतीच्या कडेने चालू लागली. हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. अंधारात माणूस कुणाशी बोलणार?

शेजारीण दाराशी येऊन म्हणाली, "भावजी, घुबडं पाळलीत का घरात? तिला जरा बाहेर तरी पाठवा."

"दार लावून घ्या, उजेड हलतोय," तो म्हणाला.

त्या ओलसर काळोखात बायकोला खोकला लागला. ती अंथरुणाला खिळली. घरातली काळी घोंगडी पांघरून ती ताटामागच्या कोपऱ्यात पडून राही.

गावचा म्हातारा वैद्य आला. नाडी बघून म्हणाला, "बाबा रे, काढा मी देईन. पण हिला ऊन हवं, आणि ते माझ्या बटव्यात नाही. खिडकी फोड."

चिताऱ्याने ताटाकडे पाहिलं. दाण्यांमधला रस नुकता कुठे साधला होता. "वैद्यबुवा, आता उजेड मोडला तर सगळंच गेलं. एवढं होऊ द्या."

कोपऱ्यातून बारीक आवाज आला. "होऊ द्या त्यांचं डाळिंब."

डाळिंब झालं. ज्या दिवशी ते पुरं झालं, त्या दिवशी तो आनंदाने तिला हाक मारायला वळला. कोपऱ्यातून उत्तर आलं नाही.

पुढे ते चित्र राजाकडे गेलं. राजा कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "डाळिंब सुंदर आहे. पण हा मागचा अंधार! असा अंधार मी पाहिला नाही. काय आहे रे त्यात?"

चितारी म्हणाला, "महाराज, त्यात माझी बायको आहे."

दरबारात तो दर्यावर्दी व्यापारीही आला होता. चित्र बघून तो म्हणाला, "हुबेहूब त्या लोकांसारखं! मागच्या सफरीत मी त्यांची घरं आतून पाहिली. काय मोठाल्या खिडक्या! घरभर ऊन."

"आणि अंधार?" चिताऱ्याने विचारलं.

"तो होय! मेजामागे एक काळं कापड टांगतात. आपल्या घोंगडीएवढं."

चितारी घरी आला. त्याने नखांनी, काठीने, दगडाने साऱ्या खिडक्या फोडल्या. घरात ऊन आलं. कोपऱ्यात घोंगडी घडी करून ठेवलेली होती, त्या घडीवरही ऊन पडलं.

मग तो बायकोचं चित्र काढायला बसला. डाळिंबाचा दाणा न् दाणा त्याला आठवत होता. तिचा चेहरा आठवेना. हनुवटीवर गोंदण होतं, पण ते डावीकडे की उजवीकडे? त्याने मागच्या खिडकीतून शेजारणीला विचारलं.

शेजारीण म्हणाली, "भावजी, खिडकी लिंपल्यावर ती आम्हाला दिसली नाही. तुमच्या तर घरात होती."

ती निघून गेली. चितारी खिडकीपाशी बसून राहिला. त्याच्या घरात आता भरपूर ऊन होतं, आणि समोरचा कागद कोरा होता. तो शेवटपर्यंत कोराच राहिला.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि मोठ्यांनो, ताटातलं डाळिंब पुन्हा मांडता येतं, घरातलं माणूस पुन्हा मांडता येत नाही.