कुरतडलेली भिंत

सांगलीच्या पाळीव प्राण्यांच्या प्रदर्शनात शर्वरी गोसावीने हॅमस्टरसाठी स्वतः बनवलेली लाकडी घरं मांडली होती. आयोजक बापूसाहेब पाटणकर शेजारीच प्लॅस्टिकचे महाल विकत होते. त्यांनी शर्वरीचं नमुन्याचं घर उचलून सगळ्यांना दाखवलं.

"बघा, हॅमस्टरने भिंतच कुरतडलीय! असला माल इथे चालायचा नाही. स्टॉल आवरा. माझा महाल वर्षानुवर्षं टिकतो."

गिऱ्हाइकं पांगू लागली. शर्वरी हसून म्हणाली, "खरंय, बापूसाहेब. हॅमस्टरचे दात सारखे वाढतात, झिजले नाहीत तर त्याला खाताच येत नाही, म्हणून ही भिंत कुरतडण्यासाठीच केलीय. तुमच्याकडे महाल टिकतो, माझ्याकडे हॅमस्टर टिकतो!"

एकच हशा पिकला. गिऱ्हाइकं माघारी फिरली आणि रांगेत सगळ्यात पुढे बापूसाहेबांची नात उभी राहिली.