बॉलच्या वाटेतली खुर्ची

“माझा जुना स्विंग परत यायला किती दिवस लागतील?”

मनोरमाबाई शितोळ्यांनी एक घाटा बोटांत फोडला. गोल्फच्या सरावाच्या मैदानाच्या कडेला वेताच्या खुर्चीत बसून त्या हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या.

नीलांबरी कर्णिकने पुन्हा विचारलं, या वेळी जरा चढ्या आवाजात. ती आर्किटेक्ट होती. बांधकामावर तिने काही विचारलं, की मुकादमापासून मालकापर्यंत सगळे हातातलं काम टाकून उत्तर देत.

बाई घाटे सोलत राहिल्या…

नाशिकच्या बाजूला, छावणीला लागून असलेल्या त्या जुन्या क्लबात नीलांबरीइतकं देखणं गोल्फ खेळणारी दुसरी बाई नव्हती. बायकांचा कप दर हिवाळ्यात तिच्याच घरी जायचा. मग एका इमारतीच्या पायाडावरून ती पडली. डाव्या खांद्याचा चुरा झाला, आत पट्टी आणि स्क्रू बसले. यथावकाश हाड जुळलं. खेळायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मात्र हात छातीच्या वर जाणार नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं.

त्यानंतर क्लबाचे कप्तान ब्रिगेडियर पोंक्षे मोठ्या अदबीने तिच्या घरी आले. या वर्षी बक्षिसं तिच्या हस्ते द्यावीत, अशी सगळ्यांची इच्छा होती म्हणे. नीलांबरीने त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, आणि आपलं नाव खेळणाऱ्यांत घालायला सांगितलं.

नाव लागलं. खेळ मात्र येईना. बॉल उडायचाच नाही, गवतातून सरपटत जायचा. ती जितक्या त्वेषाने मारी, तितका तो जवळ थांबे. टिटव्यासुद्धा जागच्या उठत नसत.

म्हणून ती मनोरमाबाईंकडे आली होती. बाईंनी ऐंशी ओलांडली होती. बायकांनी व्हरांड्यात बसून सरबत प्यावं, अशी रीत असलेल्या काळात त्या नऊवारीचा कासोटा घालून मैदानात उतरल्या होत्या. आता गुडघे गेले होते. गोल्फची काठी हातात धरल्यालाही बरीच वर्षं झाली होती. आवडेल त्यालाच त्या शिकवत, आणि त्यांना फारसं कुणी आवडत नसे.

नीलांबरीने फोन पुढे केला. त्यात तिच्या जुन्या खेळाची चित्रफीत होती. हात डोक्यामागे उंच गेलेले, सगळं अंग धनुष्यासारखं ताणलेलं, आणि मग तो लांबलचक फटका.

बाईंनी ती दोनदा पाहिली.

“चांगली खेळते. कोण ही?”

“मी आहे, बाईसाहेब.”

“मग आज ती का नाही आली?”

नीलांबरीचे कान तापले. पिशवी उचलून चालू लागावं, असं तिच्या मनात आलं. पण जायचं कुठे? घरी बक्षीस समारंभाचं आमंत्रण येऊन पडलेलं होतं.

ती थांबली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणं सुरू झालं. त्याला शिकवणं म्हणावं का, हेच तिला कळेना. काठी मागे कमरेपर्यंतच न्यायची, असं बाईंनी ठरवून दिलं. वर्षानुवर्षं कप जिंकलेल्या बाईला, नवशिक्या पोरीसारखं कमरेपर्यंत! पकड कशी, तर लगामासारखी. घोड्याचं तोंड दुखता कामा नये आणि घोडा सुटताही कामा नये. बॉल मारून झाला की सगळं वजन डाव्या पायावर, छाती लक्ष्याकडे, आणि बॉल थांबेपर्यंत तसंच उभं राहायचं. तोल गेला तर तो फटका धरायचा नाही, मग बॉल कितीही छान गेलेला असो.

लांब फटके तर त्यांनी मारूच दिले नाहीत. ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, आसपासचे लहान फटके, बॉल भोकात ढकलण्याचे त्याहून लहान फटके, सकाळभर तेच. माणसं लांब मारण्यात हौस भागवतात आणि डाव जवळ येऊन घालवतात, एवढं एकदा म्हणून त्या पुन्हा घाट्यांकडे वळल्या.

नीलांबरीने ऐकलं आणि ऐकलंही नाही. बाईंची नजर वळली की ती काठी थोडी वर नेऊन बघायची. खांद्यातून कळ यायची. ती दात आवळून पुन्हा न्यायची.

बाईंना ते दिसत होतं. एकदाच म्हणाल्या, “मागे जाईल तेवढं पुरे. पुढे थांबू नकोस.”

नेमकं तेच तिला जमत नव्हतं. काठी बॉलपाशी आली की तिचं अंग आपोआप आखडायचं. कळ येईल या धास्तीने ती ब्रेक मारायची, वर उठायची, बॉल उचलायला बघायची. बॉल पुन्हा गवतात. उचलायचं काम काठीच्या तिरक्या पात्याचं, तू खाली मार आणि पुढे जा, असं बाईंनी किती वेळा सांगितलं असेल. डोक्याला पटलेलं होतं, खांद्याला पटत नव्हतं.

कप तोंडावर आला. त्या सकाळी तिचे फटके एकामागून एक फसले. अखेर बाईंनी हातानेच थांब म्हणून खूण केली. शांतपणे त्या म्हणाल्या की ब्रिगेडियरचं काही चुकलेलं नाही. या वर्षी बक्षिसं द्यावीत. चांगलीशी पैठणी नेसावी, पुढच्या रांगेत बसावं. लोक मान देतात तेव्हा घ्यावा.

नीलांबरीने काठी खाली टेकली.

घरचे हेच म्हणाले होते, तेव्हा तिला वाईट वाटलं नव्हतं. मैत्रिणी म्हणाल्या होत्या, त्या काळजीपोटी. ही बाई मात्र असं म्हणणार नाही, या एका भरवशावर तिने इतके दिवस नवशिकी होऊन काढले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बाईंना दिसलं, याचा तिला आणखी राग आला.

“मी खेळणार,” ती म्हणाली. “तुम्ही शिकवा नाहीतर नका शिकवू. शेवटची आले तरी चालेल, पण खेळणार.”

बाई खुर्चीच्या दांड्यांवर रेटा देऊन उठल्या. खुर्ची त्यांनी स्वतःच ओढत नेली. मदतीला आलेल्या नीलांबरीचा हात झटकून टाकला. बॉलच्या अगदी समोर, थोड्या अंतरावर त्यांनी खुर्ची ठेवली आणि नीलांबरीकडे पाठ करून बसल्या. पांढरा अंबाडा, ताठ मान.

“मार.”

“बाईसाहेब, तुम्ही मध्ये आहात.”

“मध्ये सगळेच आहेत.”

नीलांबरीने त्यांना उठवायचा प्रयत्न केला. लागेल, वेडेपणा आहे, माझे बॉल कसे जातात ते तुम्ही पाहिलंय, असं सगळं बोलून झालं. पाठ हलली नाही.

वारा पडलेला होता. निलगिरीचं पानही वाजत नव्हतं.

सगळ्यात तिरक्या पात्याची काठी तिने पिशवीतून काढली. लगामासारखी धरली. आत्ता ब्रेक मारला, वर उठली, तर बॉल खालून सुसाट जाऊन थेट त्या पाठीत बसणार होता. जपून मारणं, एवढाच एक फटका तिला परवडणारा नव्हता.

ती चिडली. पोंक्ष्यांवर चिडली, पायाडावर चिडली, आणि सर्वांत जास्त त्या अंबाड्यावर.

काठी कमरेपर्यंत मागे गेली आणि खाली आली. गवताचा एक लहानसा तुकडा उडाला. ती पुढे गेली, छाती वळली, डावा पाय खांबासारखा उभा राहिला. कळ आली की नाही, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

कुणीच हललं नाही…

“कुठे पडला?” बाईंनी न वळता विचारलं.

“पाहिला नाही.” नीलांबरी तशीच डाव्या पायावर उभी होती. तिची नजर अजून उखडलेल्या गवतावर होती.

“मग दुसरा ठेव,” बाई म्हणाल्या. खुर्ची तिथून हलली नाही. ऊन डोक्यावर येईतो नीलांबरी त्यांच्या डोक्यावरून बॉल मारत राहिली.

कपाच्या दिवशी तिचे सुरुवातीचे फटके सगळ्यांत आखूड पडले. पुण्याहून आलेल्या मुली तिला मागे टाकून पुढे जात आणि ती पोचेपर्यंत सभ्यपणे थांबत. मग ती पोचायची, आणि तिथून पुढे त्यांची पंचाईत सुरू व्हायची. जवळ येऊन त्यांना जितके फटके लागत, त्याच्या निम्म्यांत ती बॉल भोकात घालायची. जेवणाच्या सुमाराला बघणाऱ्यांचा घोळका तिच्या मागे फिरू लागला होता.

ती दुसरी आली.

पहिल्या नंबरच्या मुलीपेक्षा टाळ्या तिला जास्त पडल्या. अशा खांद्यानिशी, या वयात, केवढी जिद्द, असं ब्रिगेडियर ध्वनिक्षेपकावरून म्हणाले. ते ऐकताना नीलांबरीचा चेहरा कडक होत गेला. बक्षिसाची चांदीची वाटी तिने खुर्चीखाली ठेवली आणि मागच्या रांगेत बसलेल्या मनोरमाबाईंपाशी गेली.

ती पाया पडली. आभार मानले. आणि मग जे ओठांशी आलं होतं, ते बोलून मोकळी झाली. तिला कौतुक नको होतं. खांद्याला पडलेल्या टाळ्या तिला नको होत्या.

“पुढच्या वर्षी मी पहिली येणार, बाईसाहेब.”

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग उठण्यासाठी तिच्या त्याच खांद्यावर सगळा भार टाकला.

“कशी येशील? पुढच्या वर्षी मी खेळणार आहे.”